परातीला बसवलेला मुलगा

माय, तुझी निधनवार्ता मी लिहिली नाही. डेस्कवरच्या सहकाऱ्यानं लिहिली, चार ओळींची. वयापाशी अडला तेव्हा त्यानं मला फोन केला. मी आधार कार्डावरचं वय सांगितलं, ते अंदाजानं टाकलेलं आहे हे माहीत असून. खरं वय तुलाही माहीत नव्हतं. बाकी मजकूर बरोबर होता. पश्चात एक मुलगा, एक मुलगी.

तुझा एक प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. तो तू मला यंदा माघात, उसाच्या फडातून, फोनवर विचारला होतास. तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. उत्तर मी दिलेलं नाही.

मी गोष्ट शेवटाकडूनच सुरू करते अशी तुझी तक्रार असायची. "पेपरात गेली अन् शेवट आधी सांगाया लागली," म्हणायचीस. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

मी सातवीत होते, भागवत तिसरीत. (भागवत हे माझ्या भावाचं खरं नाव नाही. हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं आहे. नाव बदल, बाकी राहू दे, असं तो म्हणाला.) दिवाळी झाली की धारूरच्या डोंगरातल्या आपल्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. तू आणि अण्णाही जायचात. फडाजवळ पाचटाची कोपी घालायची आणि पाच महिने तिच्यात राहायचं. आईबाप पहाटे ऊस तोडायला गेले की कोपीत मागं राहायची ती घरातली मोठी मुलगी. भाकरी तिनं थापायच्या, पाणी तिनं आणायचं. असंच चालत आलं होतं. त्या वर्षी मी तेरा वर्षांची झाले होते, म्हणून माझं बोचकं बांधलेलं होतं. ट्रॅक्टर आला तेव्हा तू ते बोचकं खाली काढून आजीच्या हातात दिलंस आणि भागवतला काखेत धरून ट्रॉलीत चढवलंस.

अण्णा ट्रॉलीतूनच ओरडले, "आगं, भाकरी कोण करंल? हे?"

"शिकवीन त्याला."

"पोराच्या हातात परात देती व्हय? लोक शेण घालतील तोंडात."

"घालू द्या. परात धरली म्हणून हात गळून पडत न्हाईत."

सगळी ट्रॉली हसली. अण्णा पाठ फिरवून बसले ते घाट उतरेपर्यंत वळले नाहीत, असं भागवत सांगतो. मी रस्त्यावर उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की वार्षिक परीक्षेला मी बसू शकेन.

तसं का केलंस, हे तू मला फार नंतर सांगितलंस, मी नोकरीला लागल्यावर. ज्वारी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "पोरगी एकदा कोपीवर नेली की ती पोरगी म्हणून परत येत न्हाई." तुझं लग्न कोपीवरूनच झालं होतं, साधारण त्याच वयात. त्याआधी तिथं काय झालं होतं, ते तू सांगितलं नाहीस. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय आहे आणि तो एक प्रश्न मी तुला कधी विचारला नाही.

भागवत पहिल्या हंगामात भाकरी शिकला. पहिल्या भाकरी जळायच्या, मग फुटायच्या, संक्रांतीपर्यंत फुगायला लागल्या. टोळीतल्या बाया जाता-येता थांबायच्या. "काय भागवताबाई, कालवण काय केलं आज?" तुला म्हणायच्या, "आयती सून मिळाली की गं तुला." तू म्हणायचीस, "मिळाली. तुमच्यापरीस पातळ थापती." ही वाक्यं मी भागवतकडून ऐकली आहेत. मी ती आधी एका जागी लिहिली तेव्हा 'आमटी' असं घातलं होतं. त्यानं दुरुस्त केलं. कोपीत आमटी होत नसे, बेसन नाहीतर ठेचा.

हंगाम संपून तो परत यायचा तेव्हा वर्गाचा निम्मा अभ्यास होऊन गेलेला असायचा. आठवीनंतर त्यानं शाळा सोडली. मी वसतिगृहात राहून पदवी घेतली, मग पत्रकारितेचा अभ्यासक्रम केला. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे मला कायम माहीत होतं.

तुला सुधारक करून ठेवण्याची माझी इच्छा नाही. तू मला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवायचीस, मी नोकरीला लागल्यावरसुद्धा. "पाय पसरून बसू नको," "दात काढून हसू नको" हे मी तुझ्याकडूनच ऐकलं. त्यावरून आपण भांडलो आणि ते भांडण मिटलं नाही. भागवतला तू चारचौघांत हळूच चिमटा काढायचीस. "खांदे ताठ ठेव. हात हालवत बोलू नको. लोक बघत्यात." स्वतःच्या हातानं त्याला चुलीपुढं बसवणारी आणि त्याच्या चालण्यावर नजर ठेवणारी बाई एकच होती. यातलं कोणतं रूप खरं, हे ठरवायची सवय मला कामामुळं लागली आहे. तुझ्या बाबतीत ती उपयोगाची नाही.

अण्णा गेले तेव्हा भागवत बावीस वर्षांचा होता. त्या वर्षी मुकादम अंगणात येऊन बसला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी हा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी टोळीत घेत नाही. मुकादम भागवतला म्हणाला, "अर्ध्याचं काय करू बे मी? बायको कर, मग ये." मांडव उभारायला आठ दिवस पुरतात, गावात अशी लग्नं दर दिवाळीला होतात. तू आतून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "त्याच्या जोडीला मी येते."

तेव्हापासून आठ हंगाम तू त्याच्याबरोबर गेलीस. तो तोडायचा, तू मोळ्या बांधायचीस आणि डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचीस. तुझे गुडघे गेले होते. गावात लोक म्हणायचे, पोरगा आईला सोडत नाही, गुणाचा आहे. मी म्हणायचे, तू त्याला सोडत नाहीस. तुला सून नकोच आहे, असं मी तुला निदान दोनदा तोंडावर बोलले आहे. तू दोन्ही वेळा म्हणालीस, "असंल."

तुला तेव्हा सगळं माहीत होतं. दुसऱ्या हंगामात, फडातच, भागवतनं तुला सांगितलं होतं की त्याचं मन बायकांकडं जात नाही, कधी गेलेलं नाही, आणि पलीकडच्या टोळीत एक जण आहे. ते बोलणं त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं आहे. तू मोळी बांधत होतीस. गाठ पुरी केलीस. मग विचारलंस, "त्याला आई हाय का?"

"हाय."

"तिला ठाव हाय का?"

"न्हाई."

"मग फडातनं फोनवर सांगू नको म्हणावं. एकलीच रडंल ती. माझ्यासारखं तिच्यापाशी तिचं लेकरू उभं नसंल."

त्यानंतर तू त्याच्या दंडाला ताईत बांधलास, कुणा बाबाकडून आणलेला. तो वर्षभरात ऊस तोडताना पाचटाला अडकून तुटला. भागवतनं तो शोधून तुला दिला. तू म्हणालीस, "तुटला तर तुटला. राहू दे." दुसरा बांधला नाहीस. आणि स्थळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला परत पाठवत राहिलीस.

मीही एक स्थळ घेऊन आले होते. त्या दिवाळीला आता दोन वर्षं होत आली. माजलगावची मुलगी, बारावी झालेली. तू नाही म्हणालीस. मी कारण विचारलं. तू शेंगा सोलत राहिलीस. मी आवाज चढवला. तेव्हा भागवत चुलीपुढून उठून आला आणि म्हणाला, "आक्का, मायला कावून बोलती? मला पोरगी नको हाय." आणि मग त्यानं मला सांगितलं, उभ्या उभ्या, हाताला पीठ लागलेलं तसंच.

इथं मला नेमकं लिहिलं पाहिजे. त्या दिवाळीच्या आदल्या वर्षी मी रविवारच्या पुरवणीचं एक पान याच विषयावर काढलं होतं. मुलांना वाढवताना मुलगा-मुलगी असा भेद, त्यांच्या मनाचा कल, आईबापांची भीती. शब्द मी तपासले होते. 'विकृती' हा शब्द एका लेखातून काढला होता. एका डॉक्टरांच्या लेखात असं वाक्य होतं की आईवडिलांनी कसं वाढवलं यावरून हे ठरत नाही. ते वाक्य मी उचलून चौकटीत घेतलं होतं, ठळक टाइपात.

आणि आपल्या अंगणात मी तुला म्हणाले, "तूच केलंस हे. तू त्याला परातीला बसवलंस. पोरीसारखा वाढवलास, म्हणून तो असा झाला."

भागवत म्हणाला, "आक्का, भाकर करपती," आणि आत गेला. त्या दिवशी आपण तिघं जेवलो. मी दुसऱ्या दिवशीच्या बसनं शहरात परतले.

मी तसं का बोलले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. परातीपुढची जागा माझी होती. तो माझ्या जागी बसला होता. त्या बसण्यानं काही बिघडलं असेल, तर ते माझ्यासाठी बिघडलं होतं. हे मला सहन झालं नाही आणि मी ते तुझ्या अंगावर टाकलं. हे कारण आहे. याला सबब समजू नये.

माघातला तो फोन. दुपारचे सव्वातीन वाजले होते. पुरवणीचं पान साडेतीनला जायचं होतं. भागवतच्या नंबरवरून तू बोलत होतीस. तो ट्रकमध्ये मोळ्या रचत होता आणि तू बांधावर बसली होतीस. मागून ट्रकचा आवाज येत होता. तू म्हणालीस, "सुमे, तू पेपरात हायेस. तुला शिकलेल्या लोकांचं ठाव असतंय. एक इचारू का, खरं सांगशील?"

"बोल ना."

"मी त्याला परातीला बसवलं, म्हणून झालं का गं त्याचं तसं? आईमुळं व्हतंय का ते?"

मी म्हणाले, "माय, पान जायचंय. मी नंतर करते फोन."

"बरं. कर तू काम."

मी संध्याकाळी फोन केला. गुडघ्याला तेल लावतेस का विचारलं. शेळी व्याली का विचारलं. तू दोन करडं झाली म्हणालीस, एक पांढरं. तू तो प्रश्न पुन्हा काढला नाहीस. मी त्यानंतर तुला कितीतरी फोन केले, दोनदा गावी येऊन गेले, एकदा दवाखान्यात तुझ्याशेजारी अख्खा दिवस बसले. उत्तर मला माहीत होतं. मीच छापलेलं होतं. पण ते द्यायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं की दिवाळीत मी जे बोलले ते खोटं होतं, आणि बोलताना ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. मी योग्य वेळेची वाट पाहत राहिले. श्रावणात पुन्हा दवाखान्यात नेताना तू जीपमध्ये, भागवतच्या मांडीवर, घाट उतरायच्या आत गेलीस. मी तेव्हा बसमध्ये होते.

नवव्या दिवशी भावकीतून आलेलं जेवण झाल्यावर भागवत आणि मी ओट्यावर बसलो होतो. तो एकदम म्हणाला, "आक्का, मायला माझी किळस येत व्हती का गं?"

मी म्हणाले, काहीतरीच काय बोलतोस.

"न्हाई, त्या दिवाळीपासनं तिनं मला परातीला हातच लावू दिला न्हाई. दोन हंगाम. दिवसभर मोळ्या वाहायची, आन् आल्यावर स्वतः थापायची. बोटं सुजलेली असायची, पीठ धरता यायचं न्हाई. मी म्हणायचो, सरक माय, मी करतो. तर परात वढून घ्यायची. म्हणायची, तू बाहेर बस, गड्यांत बस. एक दिवस रडली पण परात दिली न्हाई. मला वाटलं, माझ्या हातचं तिला नको झालं."

मी त्याला खरं सांगितलं. तुझा फोन सांगितला. माझं उत्तरही सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी तुझं त्या दिवाळीचं बोलणं तिनं खरं धरलं. ती मला वाचवत व्हती." थोड्या वेळानं म्हणाला, "आन् मी दोन वर्षं तिच्याशी तुटकच बोललो की."

मला काढून टाकता येईल असा मजकूर यात नाही, माय. मी एक वाक्य बोलले. तू त्यावर विश्वास ठेवलास, कारण मी शिकलेली होते आणि मला शिकवायला तूच एवढं केलं होतंस. दोन हंगाम तू सुजलेल्या बोटांनी एक चूक सुधारत राहिलीस, जी तू केलीच नव्हतीस. भागवत कोपीबाहेर बसून समजत राहिला की आपली आई आपल्याला टाळते. एवढं सगळं दोन अक्षरांच्या 'नाही'नं थांबलं असतं.

तेराव्याला नेकनूरहून मामा आले. तुझा धाकटा भाऊ, तुझ्या अंगाखांद्यावर वाढलेला. जेवणं उरकल्यावर, सगळे बसलेले असताना, त्यांनी तो विषय काढला जो अशा वेळी निघतोच. आईबाप गेले की घरातलं लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं.

"भागवतचं वर्षात उरकून टाकू," मामा म्हणाले. "तीन वर्षांनी कोण देईल पोरगी? आताच तिशीला आलाय. ताई असती तर हाकललं असतं मला. लई हट्टी."

कुणीतरी म्हणालं, पोरगं जरा नरम आहे. मामा म्हणाले, "नरम न्हाई तर काय हुईल? ताईनं परातीला बसवून बायकी केलं त्याला. बायको आली की येईल ताळ्यावर."

भागवत दाराशी उभा होता. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली, सांग अशी.

मी म्हणाले, "मामा, मायमुळं काही झालेलं नाही. भाकरी थापून कुणी काही होत नाही. तो जन्मल्यापासून असाच आहे. त्याचं मन मुलींकडं जात नाही आणि लग्नानं ते वळणार नाही. त्यात मायची चूक नाही, आणि त्याचीही नाही."

एक पोर भांडं आपटत होतं, त्याच्या आईनं ते काढून घेतलं.

मामा भागवतला म्हणाले, "खरं हाय का रं?"

"खरं हाय, मामा. मला लग्न करायचं न्हाई. कुणाच्या लेकीचं वाटोळं करायचं न्हाई."

"ताईला ठाव व्हतं?"

"व्हतं. सहा वर्षं."

मामांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, आता शिव्या येतील. ते म्हणाले, "मग मला कावून न्हाई सांगितलं तिनं? मी का परका व्हतो? सहा वर्षं एकली घेऊन बसली." आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा ते रडले, मोठ्यानं, लहान मुलासारखे. भागवतच त्यांच्याजवळ जाऊन बसला. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. दोन घरं त्या दिवसापासून आपल्याकडं फिरकलेली नाहीत. मामांचा रोज फोन येतो, भागवतलाच. लग्नाचं बोलत नाहीत, जेवलास का एवढंच विचारतात.

मी अंगणात बोलले ते पाच-सहा वाक्यांचं होतं. आवाज कापला नाही, कुठं अडखळले नाही. बातमीत द्यावं तसं सरळ सांगितलं. उत्तर बरोबर होतं. तुझ्या भावाला मिळालं, भावकीला मिळालं, दाराशी उभ्या असलेल्या तुझ्या मुलाला मिळालं. ज्या बाईनं विचारलं होतं, ती तेवढी तिथं नव्हती.

तरी सांगते. नाही, माय. तुझ्यामुळं झालं नाही.

हे बोलायला मला एक मिनिटही लागलं नाही. त्या दिवशीच्या पानाची वेळ मी नंतर नोंदवहीत पाहिली. ते सात मिनिटं आधी गेलं होतं.